डांबर, पाणी आणि अनुमान

गेल्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. धूर हे चिन्ह, म्हणजे हेतू. अग्नी हे साध्य. आणि ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा दोघांमधला न तुटणारा संबंध म्हणजे व्याप्ती. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की हे सगळं डोंगर आणि स्वयंपाकघर यांच्यापुरतंच आहे का? आजच्या एखाद्या प्रयोगशाळेत याचं काय काम?

म्हणून आज डांबरी रस्ता घेतोय. तत्त्वज्ञानाच्या माणसानं डांबरात का पडावं, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. पाऊस सुरू होतो, नवा रस्ता महिन्याभरात उखडतो, दुचाकीवरचा एखादा मुलगा खड्ड्यात पडून जातो, आणि मग चौकशीत एक कागद पुढे येतो. त्यावर लिहिलेलं असतं : पाण्याच्या परिणामाची चाचणी, ८३ टक्के, उत्तीर्ण. आपण लगेच म्हणतो, अहवाल खोटा आहे. कधी असतोही. पण अहवाल अगदी खरा आणि रस्ताही खरोखरच उखडलेला, असंही होऊ शकतं, आणि मला त्यात जास्त रस आहे. खोटेपणा पकडायला पोलीस आहेत. खऱ्या आकड्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो तेव्हा तर्कशास्त्र लागतं.

आधी पाणी डांबराचं करतं काय, ते पाहू. रस्त्याच्या मिश्रणात वजनानं साधारण ९५ टक्के खडी, कच आणि दगडाची भुकटी असते. उरलेलं पाचेक टक्के डांबर, ज्याला अभियंते बिटुमेन म्हणतात. हे डांबर गरम असताना प्रत्येक खड्याभोवती पातळ पापुद्रा धरतं आणि थंड झाल्यावर सगळ्यांना बांधून ठेवतं. आता दगडाची बाजू ऐका. दगडाच्या पृष्ठभागाला पाणी जास्त आवडतं. पाण्याचा रेणू ध्रुवीय, दगडाचा पृष्ठभागही ध्रुवीय. डांबर मात्र बहुतांशी तेलकट. दगडाशी धरून ठेवणारे ध्रुवीय रेणू डांबरात असतात, पण थोडेच. त्यामुळे पाणी जर दगडापर्यंत पोचलं, तर ते डांबराला बाजूला सारून स्वतः तिथे बसतं. यात कुणाचा कट नाही, ऊर्जेचा हिशोबच तसा आहे. डांबर असं दगडावरून सुटतं त्याला स्ट्रिपिंग म्हणतात. कामावरचे लोक ‘डांबरानं खडी सोडली’ म्हणतात, ते मला जास्त बरोबर वाटतं.

दगडादगडांत फरक आहे. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट यांत सिलिका भरपूर. अशा दगडावर पाण्याचा हक्क जास्त चालतो. चुनखडीवर डांबर चांगलं धरतं. आपला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, या दोन्हींच्या मधला, पण धरायला बरा. मात्र बेसॉल्ट म्हटलं की निश्चिंत व्हायचं, असं नाही. झिजलेल्या, मुरुमाकडे झुकलेल्या थरातली खडी आली, की तिच्यावर मातीची धूळ बसलेली असते. डांबर मग दगडाला चिकटतच नाही, धुळीला चिकटतं. आणि भंडारा-गडचिरोलीकडे किंवा सिंधुदुर्गात गेलात तर दगडाची जातच बदलते.

दुसरं, पाणी डांबराच्या आतही शिरतं. डांबर आणि बारीक भुकटी यांचा जो लगदा खड्यांच्या मध्ये असतो, तो पाण्यानं मऊ पडतो. म्हणजे दगडाशी असलेलं नातं शाबूत राहूनही डांबराचं स्वतःतलं बळ कमी होतं. आणि तिसरी गोष्ट आहे चाक. मिश्रणातल्या पोकळ्या पाण्यानं भरल्यात आणि वरून ट्रकचं चाक गेलं, की आतलं पाणी दाबलं जातं. चाक पुढे सरकलं की तेच पाणी मागे ओढलं जातं. दाब, ओढ, दाब, ओढ. धुणं पिळल्यासारखं. पाऊस एकटा रस्ता तोडत नाही. पाऊस आणि वाहतूक मिळून तोडतात. म्हणून तर पावसाळ्यात सिग्नलजवळ, बसथांब्याजवळ, उताराच्या तळाशी खड्डे आधी पडतात.

आता हे सगळं आतल्या आत चालतं. वरून रस्ता काळाभोर, गुळगुळीत दिसतो. म्हणजे साध्य डोळ्यांना दिसत नाही आणि अनुमानाची गरज लागते. कुठलं तरी चिन्ह हवं.

जुनं चिन्ह म्हणजे नुसतं बघणं. भारतीय मानक आयएस ६२४१, सन १९७१ चं. यात २० ते १२.५ मिलिमीटरमधली २०० ग्रॅम खडी घ्यायची, तिच्यावर पाच टक्के डांबर चढवायचं, थंड झाल्यावर काचपात्रात घालून पाण्यात बुडवायची, ४० अंशांवर २४ तास ठेवायची. मग पाहायचं, किती पृष्ठभाग उघडा पडला. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकात किमान ९५ टक्के आवरण टिकायला हवं, असं आहे. अमेरिकेत याचंच चुलत भावंड म्हणजे उकळत्या पाण्याची चाचणी : डांबर लागलेली खडी दहा मिनिटं उकळायची आणि बघायची.

या पद्धतीला लोक हसतात, की हे काय, डोळ्यांनी टक्के मोजायचे! मला तिच्याबद्दल आदर आहे. ती स्वस्त आहे, खेड्यातल्या कामावरही होते, आणि वाईट दगड ती पटकन दाखवते. पण तिची मर्यादा स्पष्ट आहे. काचपात्रात चाक नाही. सुटी खडी आहे, रोलरनं दाबलेला थर नाही, म्हणजे पोकळ्यांचा प्रश्नच येत नाही. इथे नापास झालेल्या दगडाबद्दल आपण काहीतरी जाणतो. पास झालेल्याबद्दल फार थोडं.

म्हणून बळ मोजायची कल्पना पुढे आली. १९७० च्या दशकात अमेरिकेत अनेक राज्यांत रस्ते पाण्यानं खराब होऊ लागले, आणि आयडाहो विद्यापीठातल्या लॉटमन यांनी एक पद्धत बसवली. मग १९८० च्या दशकात टनिक्लिफ आणि रूट यांनी तिच्यात फेरफार सुचवले. या सगळ्यातून जे प्रमाणित झालं ते आशटो टी २८३. आपल्याकडच्या अहवालातला ‘८३ टक्के’ बहुधा या चाचणीचा असतो. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं ती मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवली. तिनं तत्त्वज्ञान सोडून स्थापत्य धरलं, चांगलं केलं.

मिश्रणाचे निदान सहा ठोकळे करायचे. मुद्दाम थोडे सैल दाबायचे, आत सात टक्के पोकळी राहील असे. सातच का? कारण रोलर फिरून झाल्यावर प्रत्यक्ष नव्या रस्त्यात साधारण तेवढी पोकळी असते, निदान असावी असं धरलंय. तीन ठोकळे कोरडे ठेवायचे. उरलेल्या तिघांना पाण्यात बुडवून निर्वातानं आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे पाणी आत शिरतं. पोकळीचा ७० ते ८० टक्के भाग भरायला हवा. कमी भरला तर पुन्हा निर्वात. ८० च्या वर गेला तर ठोकळा रद्द, कारण जबरदस्तीनं पाणी घुसवताना तो आतून दुखावला असू शकतो. किती पाणी म्हणता? चार इंच व्यासाच्या ठोकळ्याचं आकारमान असतं सुमारे ५१५ घनसेंटिमीटर. त्याच्या सात टक्के म्हणजे ३६, त्यातला तीन चतुर्थांश म्हणजे २७. चहाचे पाच-साडेपाच चमचे पाणी. रस्त्याच्या आयुष्याचा प्रश्न त्या पाच चमच्यांवर!

मग ते ओले ठोकळे उणे १८ अंशांवर किमान १६ तास गोठवायचे, तिथून काढून ६० अंशांच्या पाण्यात २४ तास, आणि मग सगळे सहाही २५ अंशांवर आणून आडवे ठेवून दाबायचे. उभा दाब दिला की ठोकळा मधोमध ताणानं दुभंगतो. त्या दुभंगण्याच्या भारावरून ताणबळ काढतात. ओल्यांची सरासरी भागिले कोरड्यांची सरासरी, हे गुणोत्तर; याला टीएसआर म्हणतात. आपल्या मानकात ते किमान ८० टक्के हवं.

आता आपली न्यायशास्त्राची हत्यारं काढू. हेतू काय? गुणोत्तर ८० च्या वर आहे. साध्य काय? रस्ता पाण्यात टिकेल. व्याप्ती काय धरली? जिथे जिथे गुणोत्तर ८० च्या वर, तिथे तिथे रस्ता टिकतो. ही व्याप्ती आहे का?

पहिली अडचण गुणोत्तरातच आहे. समजा दोन मिश्रणं आहेत. आकडे मी समजावण्यासाठी घेतोय. पहिल्याचं कोरडं बळ ६००, ओलं ५१०, किलोपास्कलमध्ये. गुणोत्तर ८५, उत्तीर्ण. दुसऱ्याचं कोरडं ११००, ओलं ८३६. गुणोत्तर ७६, नापास. पण ओल्या रस्त्यावर चाक जाणार ते ओल्या बळावरून! आणि ओलं असतानाही दुसरं मिश्रण पहिल्याच्या दीडपटीहून मजबूत आहे. गुणोत्तर सांगतं की किती टक्के गमावलं. किती उरलं, हे त्यात दिसत नाही. श्रीमंत माणसानं चौथा हिस्सा घालवला आणि गरिबानं सातवा, तर आज कुणाच्या घरी जास्त आहे हे त्यावरून कळत नाही. आणखी एक तिरकी गोष्ट : कोरडं बळ कमी झालं की गुणोत्तर वाढतं. मिश्रण कोरडं असतानाच कमकुवत असेल तर परीक्षा सोपी होते. म्हणून काही ठिकाणी गुणोत्तरासोबत ओल्या बळाचीही किमान मर्यादा घालतात. ते शहाणपणाचं आहे.

दुसरी अडचण सीमारेषेची. कोरडे तीन : ९००, ९६०, १०२०. ओले तीन : ७००, ७९०, ८२०. सरासऱ्या ९६० आणि ७७०, गुणोत्तर ८०.२. पास. आता शेवटचा ठोकळा ८२० ऐवजी ८०० ला तुटला असता, तर? ७९.५. नापास. एकाच मिश्रणाच्या दोन ठोकळ्यांत १२० चा फरक दिसतोय आणि आपण वीसच्या फरकावर भवितव्य ठरवतोय. सीमा कुठेतरी आखावी लागते, हे मला मान्य आहे, पण ८०.२ आणि ७९.५ यांच्यात दगडाच्या पातळीवर काहीही वेगळं घडलेलं नाही, हे वाचणाऱ्याच्या मनात असायला हवं.

आणि ते गोठवणं? कोकणातला माणूस विचारणारच, की आमच्याकडे उणे १८ कुठून आलं? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर दिसतं तितकं सोपं नाही. लेह किंवा लाहौलमध्ये गोठवणं हे हवामानाचं अनुकरण आहे. रत्नागिरीच्या बाबतीत ते अनुकरण नाही, ते प्रतिनिधी आहे. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं, पोकळीच्या भिंतींवर आतून ताण येतो. चाकाच्या दाबानंही आतून ताण येतो. एका ताणाऐवजी दुसरा वापरला आहे. प्रतिनिधी चालतो का? चालतो, जर दोघांची निवड सारखी निघत असेल, म्हणजे बर्फानं जे मिश्रण मोडतं तेच चाकानंही मोडत असेल. हे आधी तपासावं लागतं. मानकात छापलंय म्हणून ते आपोआप सिद्ध होत नाही. माझं मत विचाराल तर चार महिने पाणी आणि चाक एकत्र असलेल्या प्रदेशासाठी बर्फाला प्रतिनिधी नेमणं ही ओढाताण आहे.

चाकाला चाकच प्रतिनिधी देणारी एक चाचणी आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात १९७० च्या दशकात निघाली, म्हणून हॅम्बुर्ग चाचणी. ठोकळे ५० अंशांच्या पाण्यात बुडलेले, आणि वरून पोलादी चाक मागे-पुढे जातं. भार ७०५ न्यूटन, म्हणजे ७२ किलोच्या आसपास. फेऱ्या २०,००० पर्यंत. दर फेरीला चाकोरी किती खोल गेली ते यंत्र नोंदवतं. त्या आलेखात आधी एक शांत, सरळ उतार दिसतो आणि काही मिश्रणांत तो एका ठिकाणी अचानक तीव्र होतो. त्या वळणाला स्ट्रिपिंगचा वळणबिंदू म्हणतात. तिथून डांबर खडी सोडू लागलं, असं धरतात. काही मिश्रणांत हे वळण येतच नाही.

मला ही चाचणी आवडते, कारण ती एका आकड्यावर न थांबता घडामोड दाखवते. पण इथेही धूर कधीकधी अग्नीशिवाय दिसतो. ५० अंशांना मऊ डांबर पाण्याशिवायही दबतं. मग चाकोरी पडली ती पाण्यामुळे की उष्णतेमुळे? नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, जो साध्य असताना दिसतो आणि नसतानाही दिसतो. यावर साधा उपाय असा, की तेच मिश्रण तितक्याच तापमानाला कोरडंही चालवून पाहायचं आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवायचे.

व्याप्ती सिद्ध कशी करायची, याचं चांगलं उदाहरण कोलोराडोचं. १९९० च्या दशकात तिथल्या महामार्ग विभागानं, ज्यांचं नशीब आधीच ठाऊक होतं असे रस्ते घेतले. काही अनेक वर्षं नीट टिकलेले, काही वारंवार डागडुजी लागणारे, काही अक्षरशः विस्कटून गेलेले. त्यांची मिश्रणं प्रयोगशाळेत पुन्हा बनवून त्यांच्यावर या चाचण्या लावल्या आणि पाहिलं, की कुठली चाचणी टिकलेला आणि विस्कटलेला यांना वेगळं काढते. म्हणजे आधी स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिले, तळ्यात दोन्ही नाहीत हेही पाहिलं, आणि मग डोंगराकडे बोट दाखवलं. हेच हवं. कोलोराडोतली व्याप्ती मात्र कोलोराडोच्या दगडांची आणि हिवाळ्याची आहे. आपल्या दगडांसाठी आणि आपल्या पावसासाठी ते काम इथल्याच रस्त्यांवर करावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या वेळी उपाधी शिकलो होतो, आठवतंय? ‘जिथे धूर तिथे अग्नी’ बरोबर. पण उलट, ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं की फसतो, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर येतो तो ओलं सरपण असेल तर. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, न सांगितलेली अट. योगायोग पाहा, आपल्या परंपरेतलं उपाधीचं ठेवणीतलं उदाहरणच ओलाव्याचं आहे.

तर ‘गुणोत्तर ८० च्या वर, म्हणून रस्ता टिकेल’ यातली उपाधी कुठली? पोकळी आणि निचरा. ठोकळा सात टक्के पोकळीचा केला होता. रस्त्यावर मिश्रण पोचेपर्यंत गार झालं, रोलर उशिरा आला, कडेला नीट फिरला नाही, की पोकळी राहते दहा-अकरा टक्के. ओरेगनमधल्या टेरेल आणि अल-स्वाइलमी यांनी १९९४ मध्ये पोकळीबद्दल एक मार्मिक गोष्ट मांडली. थर अगदी दाट असेल तर पाणी शिरत नाही. खूप सच्छिद्र असेल तर शिरतं आणि वाहून जातं. मधल्या पट्ट्यात ते शिरतं आणि अडकतं. उत्तम पोकळीला ऑप्टिमम म्हणतात, म्हणून या वाईट पट्ट्याला त्यांनी नाव दिलं पेसिमम. नीट न दाबलेला रस्ता नेमका या पट्ट्यात जाऊन बसतो. त्यात गटार तुंबलेलं असेल, पाणी खालून थरात चढत असेल, तर चाचणीतले पाच चमचे कुठे आणि हे चार महिने कुठे?

मिश्रण जे होतं तेच होतं. अहवाल खरा. पण अहवालाचा पक्ष होता प्रयोगशाळेतला ठोकळा, आणि आपण साध्य चिकटवलं रस्त्याला. पक्ष बदलला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि सोयीचं होतं.

उपायांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विचारणार आहात. दगड वाईट असेल तर हायड्रेटेड लाइम, म्हणजे पाणी मारून पूड केलेला चुना, खडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का घालतात; तो दगडाचा पृष्ठभाग बदलतो आणि लगदाही ताठ करतो. किंवा डांबरात अमाइन जातीचं द्रव रसायन मिसळतात. साबणासारखं काम, एक टोक दगडाला धरतं, दुसरं तेलाला. रसायन डांबराच्या टाकीत फार काळ गरम राहिलं तर त्याचा गुण उतरू शकतो. चुना जुना आणि भरवशाचा, पण धूळ उडते आणि प्लांटवाल्याला नकोसा असतो. यातलं काहीही रोलरची जागा घेत नाही.

तुमच्यापैकी काही जण माहितीच्या अधिकारात असे अहवाल मागवतात. तेव्हा नुसती टक्केवारी घेऊन परत येऊ नका. कोरडं आणि ओलं बळ वेगवेगळं मागा, सहाही ठोकळ्यांचं. त्यांची पोकळी किती होती आणि पाणी किती टक्के भरलं होतं, हे मागा. या दोन नोंदी नसतील तर ती चाचणी कुठली होती हेच ठरत नाही. ठोकळा दुभंगल्यावर आतल्या बाजूचं निरीक्षण लिहायचं असतं. माझ्या विद्यार्थिनीनं दोन अर्धुकं माझ्या हातात दिली होती. कोरड्याचं पोट सगळं काळं. ओल्यामध्ये ठिकठिकाणी करडे दगड उघडे, धुतल्यासारखे. दाबानं फुटलेला दगडही आतून करडाच दिसतो, पण त्याची कड धारदार आणि ताजी असते. डांबर सुटलेल्याची गोलाई शाबूत असते. टक्केवारी ८१ असेल आणि पोट असं करडं असेल, तर मी पोटावर विश्वास ठेवीन. अहवालात हा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो किंवा ‘समाधानकारक’ एवढाच शब्द असतो.

खडी कुठल्या खाणीची तपासली आणि कामावर कुठल्या खाणीची आली, हे दोन्ही कागद शेजारी ठेवा. आणि रस्ता झाल्यावर त्यातून काढलेल्या गाभ्यांची, ज्यांना कोअर म्हणतात, पोकळी मागा. यंत्रानं रस्त्यातूनच कापून काढलेला तो ठोकळा असतो. त्याच्या बाबतीत पक्ष बदलत नाही. दोष दायित्वाचा काळ संपण्याआधी, शक्यतो पहिला पावसाळा उलटल्यावर, ते कापून घ्यायला सांगा. त्यात खालचा थर वेगळा होऊन हातात आला, तर पाणी दोन थरांच्या मधे साचत होतं, हे दाखवायला दुसरी कुठली चाचणी लागत नाही.

आता प्रश्न घेऊ या.